डिझेल इंजिनाचा श्वास : क्रँककेसमधील वायू आणि निर्वात

पिस्टनवरच्या रिंगा कितीही चोख बसवल्या, तरी ज्वलनातील थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्याला वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढून ऑइल सीलमधून तेल झिरपू लागते. पूर्वी ब्रीदरची नळी सरळ हवेत सोडलेली असे. आता ती वाफ तेल वेगळे करून टर्बोच्या शोषणाच्या बाजूस नेतात.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये आयतेच निर्वात मिळते. डिझेलच्या पारंपरिक रचनेत थ्रॉटल नसतो. म्हणून ब्रेक बूस्टरसाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिनाच्याच तेलाने त्याचे वंगण होते आणि ओढलेली हवा तेलासह क्रँककेसमध्येच परत येते. त्यामुळे बूस्टरची नळी चिरली, तर ब्रेक जड होतोच, शिवाय ब्रीदरमधून येणारा झोतही वाढतो. अशा वेळी रिंगा गेल्या असे समजून इंजिन उघडण्याची घाई होते. खर्चाचा आकडा ऐकण्यापूर्वी पंपाची नळी तपासून घेतलेली बरी.

रेल्वेच्या इंजिनांत तर क्रँककेसमध्ये मुद्दाम किंचित निर्वात राखतात. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात धुराड्याकडे जाणाऱ्या वायूच्या वेगाचा उपयोग करून क्रँककेसमधील वाफ खेचली जाते. वाटेत जाळीचा विभाजक तेल अडवतो. जुन्या अल्को इंजिनांत हेच काम विजेवर चालणारा पंखा करतो. विभाजक तुंबला, पिस्टनला तडा गेला किंवा पाणी आत शिरले, तर निर्वात जाऊन दाब निर्माण होतो. डब्ल्यूडीजी-४मध्ये तो ओळखणारे उपकरण इंजिन आपोआप बंद करते.

यानंतरचा नियम मात्र काटेकोर आहे : किमान दोन तास झाकणे उघडायची नाहीत. आत एखादा भाग लालबुंद तापलेला असू शकतो, भोवती तेलाचे धुके असते, आणि झाकण उघडताच ताजी हवा मिळून स्फोट होऊ शकतो. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘रेना देल पासिफिको’ या जहाजावर, दुरुस्तीनंतरच्या चाचणीत, क्रँककेसच्या स्फोटात २८ जणांचे प्राण गेले. मोठ्या सागरी इंजिनांच्या क्रँककेसवर आज दाबमोचक झडपा आणि तेलाचे धुके ओळखणारी किंवा तत्सम यंत्रे सक्तीची आहेत.