एकाच भट्टीतले भाला आणि कुदळ

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला, तशी एका सखीच्या मुलीनं पुस्तकातलं चित्र पुढे केलं. आफ्रिकेतला झुलू योद्धा, एका हातात ढाल, दुसऱ्यात भाला. तिनं विचारलं, "एवढे भाले घडवत कोण होतं?" उत्तर आम्हालाही नव्हतं. मग वाचलं, ते आज सांगतो.

झुलू ही बांटू भाषांपैकी एक. शोना, स्वाहिली अशा शेकडो भाषांचं हे मोठं घराणं आहे.

झुलूंचा जुना भाला लांब, फेकून मारायचा. एकदा फेकला की हात रिकामा! 1816 च्या सुमारास शाका राजा झाला. आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा, हातात धरूनच भोसकायचा भाला त्यानं रूढ केला असं सांगतात. त्याला म्हणतात इक्लवा. पातं अंगातून ओढून काढताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं म्हणे. आमच्या तर अंगावर काटा आला. 22 जानेवारी 1879 ला इसांडलवाना इथे झुलूंनी याच भाल्यांच्या बळावर बंदूकवाल्या इंग्रज फौजेचा पाडाव केला. इंग्रजांच्या बाजूची 1,300 हून जास्त माणसं पडली. पण जुलैत उलुंडीच्या लढाईत झुलू हरले आणि त्यांचं राज्य मोडलं.

लढाया सगळेच सांगतात. आम्हाला नवल वाटलं ते भट्टीचं.

झुलूंच्या उत्तरेला, आजच्या झिम्बाब्वेत, शोना लोक दगडातून लोखंड गाळत. त्यांच्या काही मातीच्या भट्ट्यांना चक्क बाईचा आकार असे. मातीचे स्तन काढलेले, पोटात धगधगता विस्तव. लोखंड निघणं म्हणजे बाळंतपणच, असं ते मानत. आणि भट्टी पेटली की खऱ्या बाईला मात्र तिथे मज्जाव! विटाळाची भीती. आपल्याकडे नांगराला बाईनं हात लावू नये म्हणतात, तसंच की हे.

त्या लोखंडाचा भाला होई, तशीच रुंद पात्याची कुदळही होई. भाला पुरुषाच्या हाती, कुदळ बाईच्या. झुलूंकडेही गुरं पुरुषांची आणि शेत बायांचं. खणणं, पेरणं, निंदणं सगळं तिच्याकडे. लढाईवर गेलेल्यांचं पोट भरत होतं ते याच कुदळीवर. शोनांमध्ये तर लग्न ठरताना नवऱ्या मुलाकडचे मुलीच्या घरी कुदळी देत. एवढं तिचं मोल. तरी पुस्तकात चित्र भाल्याचंच.

आजही झुलूंच्या शेजारच्या एस्वातिनी देशाच्या झेंड्यावर ढाल आणि दोन भाले आहेत. पण त्याला लागूनच मोझांबिक आहे. तिथेही बहुतेक लोक बांटू भाषाच बोलतात. त्यांच्या झेंड्यावर उघडं पुस्तक आहे, बंदूक आहे, आणि बंदुकीला आडवी एक कुदळ. त्या मुलीला आम्ही तो झेंडा मोबाइलवर काढून दाखवला. तिनं तो वहीत उतरवला, आणि कुदळ बंदुकीपेक्षा मोठी काढली.