बाजीराव कितव्या नंबरचा? नेत्यांना ‘टाइप’ लावण्याआधी

आमच्या डिंगोऱ्यात माणसाचा स्वभाव एका शब्दात उरकतात. अमका शंकेखोर, तमका घुमा, तो तिसरा नुसता बोलघेवडा. पारावर बसून एवढं पुरतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं, फक्त तक्ता आखून आणि इंग्रजी नाव देऊन. माझा विषय उत्तर पेशवाईतलं राजकारण. सिनॉप्सिसमध्ये मी एक तक्ता टाकला होता: नाना फडणवीस, टाइप पाच. महादजी शिंदे, टाइप तीन. यशवंतराव होळकर, टाइप आठ. दुसरा बाजीराव, टाइप सहा.

सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी बाजीरावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “ही भीती तुम्हाला कुठल्या कागदात दिसली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते आज तुम्हाला सांगते, कारण नेट-सेट झाल्यावर विषय शोधणारे बरेच जण मला विचारतात: “नेत्यांच्या व्यक्तिमत्त्वावर काम करू का? एनिअग्राम वापरू का?”

एनिअग्राम म्हणजे काय, थोडक्यात

वर्तुळात नऊ बिंदू असलेली एक आकृती. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुर्जिएफ या गूढवादी गुरूने शिष्यांना शिकवली. त्यावर नऊ स्वभावप्रकार बसवण्याचं काम पुढे ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो यांनी केलं. १९७० नंतर ते अमेरिकेत पसरलं. एक म्हणजे सुधारक, दोन मदतीला धावणारा, तीन यशामागे लागलेला, चार स्वतःचं वेगळेपण जपणारा, पाच अलिप्त निरीक्षक, सहा सुरक्षितता शोधणारा आणि म्हणून संशयी, सात मजेत राहू पाहणारा, आठ अंगावर जाणारा, नऊ भांडण टाळणारा.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे प्रकार वागण्यावरून ठरत नाहीत, वागण्यामागच्या मूळ भीतीवरून आणि ओढीवरून ठरतात. दोन माणसं अगदी सारखं वागतील आणि तरी त्यांचे टाइप वेगळे असतील. हे वाचायला फार आकर्षक आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथेच आहे. कागदात वागणं सापडतं. मूळ भीती कोण लिहून ठेवतो?

मानसशास्त्रातही या पद्धतीला भक्कम आधार मिळालेला नाही. आतापर्यंतच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरावा संमिश्र निघाला, आणि प्रश्नावल्यांच्या विश्लेषणात बहुतेक वेळा नऊपेक्षा कमीच घटक हाती लागतात असं दिसलं. जिवंत माणूस समोर बसून उत्तरं देतो तेव्हा ही स्थिती. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं काय?

हा उद्योग नवा नाही

नेत्याला न भेटता त्याचं मन वाचायचा प्रयत्न विद्यापीठांतही झालेला आहे, आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. १९४३ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी वॉल्टर लँगर यांनी हिटलरचा मानसशास्त्रीय अहवाल तयार केला. युद्ध हरल्यास तो बहुधा आत्महत्या करील, असं त्यात म्हटलं होतं. जेम्स डेव्हिड बार्बर यांनी १९७२ मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे चार प्रकार पाडले: अध्यक्ष कामात किती झोकून देतो, आणि त्यात त्याला सुख वाटतं की नाही, एवढ्या दोनच कसोट्यांवर.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वुड्रो विल्सनचं प्रकरण. विल्सनने तडजोड न करता स्वतःचाच राष्ट्रसंघाचा करार सिनेटमध्ये बुडवला. का? अलेक्झांडर आणि ज्युलिएट जॉर्ज या दांपत्याने १९५६ मध्ये मांडलं की मूळ बालपणात आहे, कडक वडिलांशी मनात चाललेल्या झगड्यात. नंतर एडविन वाइनस्टाइन या डॉक्टरांनी म्हटलं, विल्सनच्या मेंदूचा आजार पाहा. वागणं तेच, आणि स्पष्टीकरणं दोन. पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. पण वाद घालता आला, कारण दोन्ही बाजूंनी आपला दावा कुठल्या पुराव्यावर उभा आहे ते उघड ठेवलं होतं. माझ्या तक्त्यात वाद घालायला जागाच नव्हती. तिथे फक्त आकडे होते.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ‘साडेतीन शहाणे’ ही आपली जुनी वर्गवारीच आहे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरी होती पण तलवार नव्हती. ‘राघोभरारी’ हा दुसरा शिक्का. तिसरा तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतो: ‘पळपुटा बाजीराव’.

म्हणजे मी टाइप सहा लिहिलं तेव्हा मी नवं काही शोधलं नव्हतंच. पळपुट्याला नंबर दिला होता, बस.

शिवनेरीवरचा कैदी

सिनॉप्सिस परत आल्यावर मी गावी आले होते. डिंगोऱ्याहून जुन्नर जवळच. शिवनेरीवर शाळेपासून कितीदा गेले असेन, पण कायम शिवजन्मस्थान म्हणून. या वेळी चढताना पहिल्यांदा डोक्यात आलं की बाजीरावही इथेच होता. कैदेत.

त्याचा क्रम नीट पाहा. जन्म १७७५चा, धारला. वडील रघुनाथराव, नारायणरावाच्या खुनाचा डाग त्यांच्यावर. १७८३ मध्ये वडील कोपरगावला वारले तेव्हा पोरगा आठ वर्षांचा. पुढे आई आनंदीबाईबरोबर पुणे दरबाराच्या नजरेखाली वाढला. १७९४ मध्ये आई गेली आणि बाजीराव, धाकटा चिमाजी आणि दत्तक भाऊ अमृतराव यांची रवानगी शिवनेरीवर झाली. बाजीराव तेव्हा एकोणीस वर्षांचा.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. गादी मोकळी झाली. बाजीरावाला येऊ द्यायचं नाही, ही नानांची पहिली चाल. तेव्हा बाजीरावाने शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या यांच्याशी संधान बांधलं. ते कळताच नानांनी उलटा डाव टाकला: परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीला पाठवलं, बाजीरावाला आपणच पेशवा करू म्हणून. किल्ल्यावरून उतरायच्या आधी अमृतरावाने भाऊंना गाईचं शेपूट धरून गोदावरीची शपथ घ्यायला लावली, असं ग्रँट डफ सांगतो.

आणि पुढे? काही महिन्यांतच डाव फिरला. मे १७९६ मध्ये चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा करण्यात आलं. यात पुढाकार घेणाऱ्यांत तेच परशुरामभाऊ होते. बाजीराव शिंद्यांच्या छावणीत, जवळजवळ कैदीच. नाना पळून कोकणात. तिथून नानांनी पुन्हा सूत्रं हलवली आणि डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव अखेर पेशवा झाला.

आता मला सांगा, या माणसाचा शब्दावर विश्वास नव्हता, हा स्वभाव म्हणायचा की अनुभव? त्याच पुण्यात डिसेंबर १७९७ मध्ये खुद्द नाना, शिंद्यांच्या एका युरोपियन सरदाराच्या शब्दावर विसंबून छावणीत गेले आणि पकडले गेले. ज्या राजकारणात सर्वांत सावध माणूसही एकदा विश्वास ठेवून फसतो, तिथे संशय हा ‘टाइप’ आहे असं म्हणण्याआधी तिथे संशयी कोण नव्हतं ते मोजावं लागेल.

तीन चाळण्या

यातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले. तुम्हीही वापरून पाहा.

पहिला: हे वर्णन कोणाचं? ‘भित्रा, कपटी, धर्मभोळा’ हा बाजीराव आपल्याला मोठ्या प्रमाणात एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ यांच्याकडून मिळतो. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याने साताऱ्याला जाहीरनामा काढून पेशवाई संपवण्याची कारणं जनतेला सांगितली. डफ त्याच्या हाताखालचा, पुढे साताऱ्याचा रेसिडेंट. त्याचा इतिहास १८२६ चा. दोघं जवळून पाहणारे होते, म्हणून त्यांना फेकून देता येत नाही. पण ज्याचं राज्य घेतलं त्याचा स्वभाव वाईट ठरणं त्यांच्या सोयीचं होतं. मी टाइप सहा लिहिलं ते त्यांच्या विशेषणांवरून. म्हणजे माझा ‘निष्कर्ष’ हा त्यांचाच निकाल होता.

दुसरा: त्या जागी दुसरा असता तर? याचं उत्तर वर शिवनेरीवर आलंच आहे.

तिसरा: शेवट माहीत नसता तर मी हेच म्हटलं असतं का? ‘पळपुटा’ हा शब्द पुन्हा घ्या. पानिपतावरून १४ जानेवारी १७६१ ला अठरा वर्षांचे नाना जीव वाचवून पळाले. त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलंय. महादजीही तिथून पळताना जखमी झाले आणि जन्मभर लंगडले. राजाराम महाराज रायगडावरून निघून थेट जिंजीला गेले. यांना कुणी पळपुटं म्हणत नाही, कारण ते परत उभे राहिले. बाजीराव खडकीच्या लढाईनंतर साडेसहा महिने इंग्रजी फौजेला हुलकावण्या देत फिरला. डिसेंबर १८१७ मध्ये तर या आमच्या जुन्नरच्या डोंगराकडेही आला होता. पण जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. शेवट असा झाला म्हणून आधीच्या सगळ्या हालचालींना एकच नाव मिळालं.

गैरसमज नको. मी बाजीरावाची वकिली करत नाहीये. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देणं, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, हे निर्णय त्याचेच आणि त्यांचे परिणाम आपण भोगले. पण निर्णयाचा हिशोब निर्णय म्हणून मांडा. ‘तो होताच तसा’ म्हटलं की हिशोब संपतो. शिंद्यांचा दबाव, रिकामा खजिना, सरदारांची आपसातली वैरं, हे सगळं एका आकड्याखाली गाडलं जातं.

मग एनिअग्राम टाकूनच द्यायचा?

पुरावा म्हणून, हो. प्रश्न म्हणून, नाही. मी एक छोटा प्रयोग केला. बाजीरावाच्या आयुष्यातले वीस प्रसंग नाव काढून कागदावर लिहिले आणि ज्यांनी एनिअग्रामची पुस्तकं वाचली आहेत अशा दोन मैत्रिणींना दिले. एकीने सात म्हटलं, दुसरीने नऊ. माझा सहा होताच. एक माणूस, तीन नंबर. हे काही संशोधन नव्हे, तिघींच्या मताला काय किंमत! पण हाती एक चांगली गोष्ट लागली. सात म्हणणारी सांगत होती की हा माणूस दुःख टाळतोय. नऊ म्हणणारी म्हणाली, हा संघर्ष टाळतोय. मी म्हणत होते, हा धोका टाळतोय. ही तीन वेगळी गृहीतकं आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळा कागद शोधावा लागतो. ‘पुणे रेसिडेन्सी’च्या पत्रव्यवहारात आणि सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या खंडांत तो शोध आता चालू आहे.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिससाठी सांगायचं तर: कसोटी आधी लिहा, कागद नंतर उघडा. निदान दोन माणसांना स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि त्यांचं किती जुळतं ते प्रामाणिकपणे छापा. तुमच्या मताविरुद्ध जाणारे प्रसंग वेगळ्या वहीत ठेवा. ती वही रिकामी राहिली तर समजा की शोध नीट झालेला नाही.

आणि आजच्या नेत्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. १९६४ मध्ये एका अमेरिकी मासिकाने मनोविकारतज्ज्ञांची मतं गोळा करून निवडणुकीतला उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला लायक नाही असं छापलं. तो कोर्टात गेला आणि जिंकला. त्यानंतर, १९७३ मध्ये, तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की स्वतः न तपासलेल्या माणसाबद्दल व्यावसायिक मत देऊ नये. आपण तर तज्ज्ञही नाही. ज्याला मत द्यायचं किंवा पाडायचं आपण आधीच ठरवलंय, त्याला नंबर देणं फार सोपं असतं, आणि तो नंबर नेमका आपल्याला हवा तोच निघतो.

माझा नवा सिनॉप्सिस मंजूर झाला. तक्ता त्यात नाही. बाजीरावाच्या ओळीच्या जागी आता एक प्रश्न आहे: १७९४ ते १७९६ या काळात त्याला दिलेला कुठला शब्द, कोणी, किती दिवस पाळला? याचं उत्तर शोधायला कागद लागतो, आणि म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न आहे. तुमच्या विषयातल्या माणसाला जो शिक्का तुम्ही मनात आधीच मारून ठेवलाय, त्याच्या जागी असा एक प्रश्न लिहून पाहा. जमलं तर गाईडकडे जायची तुमची तयारी झाली.