समर्पण (मराठी ख्रिस्ती परंपरेतील)

समर्पण : स्वतःचे बळ, पुण्य आणि हिशेब यांवरचा भरवसा सोडून आयुष्याचा कारभार देवाच्या हाती देण्याची ख्रिस्ती वृत्ती. नम्रता ही तिचीच दुसरी बाजू. या वृत्तीला नव्या करारात अनेक आधार आहेत. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त स्वतःला रिते करतो. लूकच्या शुभवर्तमानात परूशी आपल्या उपासांची यादी वाचतो आणि जकातदार छाती बडवून दया मागतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाच्या शरीरातला काटा निघत नाही, तो सोसण्याइतकी कृपा मात्र मिळते. या साऱ्यांत कोठेही माणसाने स्वतःला कवडीमोल समजावे असे म्हटलेले नाही. प्रश्न भरवसा कोठे ठेवायचा एवढाच आहे. कृपेविषयी सर्वांत ठासून लिहिणारा पौल तंबू तयार करून स्वतःचे पोट भरत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. तरीही समर्पण म्हणजे हातपाय गाळणे, हा समज सार्वत्रिक आहे, आणि मंडळ्यांतील काही उपदेशकांनीच तो पोसला आहे. मराठी ख्रिस्ती इतिहास या समजाच्या विरोधात साक्ष देतो. येथे ज्यांनी समर्पण मनापासून केले त्यांचे कर्तृत्व आटले नाही. सुटले ते माणसांचे टेकू : वेतन, आश्रयदाते, विद्वत्तेचा मान, कधी कधी धर्माधिकाऱ्यांची मर्जीसुद्धा.

या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या अगदी माथ्यावर, बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात घडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे ख्रिस्ती शिबिरे भरत. इंग्लंडात १८७५ पासून केझिक येथे सुरू झालेल्या मेळाव्यांनी 'संपूर्ण समर्पणा'ची जी शिकवण पसरवली, तिचे वारे या शिबिरांतही होते. पंडिता रमाबाई आपल्या १५ ख्रिस्ती मुलींना घेऊन अशाच एका शिबिराला गेल्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली की या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढच्या शिबिरापर्यंत २२५ मुली देवाने द्याव्यात. मागणी धिटाईची आहे आणि तिच्यात चक्क गणित आहे. ज्या बाईने सारा हिशेब देवाच्या स्वाधीन केला असे म्हणतात, तिने आकडा नेमका सांगावा, यातच समर्पणाचे मराठी रूप कळते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, त्याची उपमा येथे सहज सुचते : घाट एकट्याच्या बळावर चढत नाही, पण पुढचे इंजिनही बंद करत नाहीत. उपमा अर्ध्या वाटेपर्यंतच पोचते. रमाबाईंच्या मते आपले थोडे आणि देवाचे थोडे अशी वाटणी नव्हतीच, पुढचे इंजिनही देवाचेच होते.

आता रमाबाईंचाच पुरावा त्यांच्याविरुद्ध मांडता येतो, आणि तो मांडायलाच हवा. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी भारतीय स्त्रियांच्या तीन गरजा सांगितल्या. त्यांत पहिली गरज स्वावलंबन ही होती, शिक्षण दुसरी आणि देशी स्त्री-शिक्षिका तिसरी. त्याआधी, १८८२ मधील 'स्त्रीधर्मनीति'तही स्वतःच्या प्रयत्नाने वर येण्याचाच उपदेश आहे. अशी लेखिका पुढे साऱ्या भरवशाचा त्याग शिकवू लागली, हा विचारबदल म्हणायचा की विसंगती? काळाचा क्रम पाहिला तर उत्तर सापडते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरचा वाँटेजमधील त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचला तर त्यात नमणारी शिष्या दिसत नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी मत दिले तेव्हा रमाबाईंनी स्वतःच्या सद्सद्विवेकाचा अधिकार रोखठोकपणे मांडला. सिद्धांतांबाबतही त्या प्रश्न विचारत राहिल्या. स्वतःच्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८९१ च्या सुमारास त्यांनी जे सोडले ते स्वतःच्या बुद्धीच्या निवाड्याने तारण मिळवण्याचा दावा. बुद्धी सोडली नाही. तसे असते तर पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी हाती घेतलेच नसते. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून झाले.

केडगावच्या जमिनीची गोष्टही येथे महत्त्वाची आहे. रमाबाईंची शाळा, शारदा सदन, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलली. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले होते. ही मुदत संपल्यावर संस्था कोणाच्या दयेवर राहू नये म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावण्यात आली. बेत पूर्णपणे स्वावलंबनाचा होता, आणि तो शहाणपणाचाही होता. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून घेतल्या. मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया याच मळ्यात राहिल्या, आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. बाग ज्या हेतूने लावली तो हेतू मोडला, बाग मात्र कामी आली. योजना करणे आणि योजनेवर विसंबणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दाखवायला याहून चांगला दाखला मराठी ख्रिस्ती इतिहासात सापडणार नाही.

यावर सरळ आक्षेप असा की मुक्ती सदन देवावर नव्हे, परदेशी देणग्यांवर चालले. ब्रिस्टलच्या अनाथालयाचे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचून रमाबाईंनी कोणापुढे पैशासाठी हात न पसरण्याचे तत्त्व उचलले. पण संस्थेचे 'मुक्ती प्रेअर बेल' हे पत्र गरजा आणि उत्तरे छापून दूरदेशी जात होते. न मागता कळवणे हेही मागणेच, असे टीकाकाराने म्हटले तर त्यात तथ्य आहे. तरी समर्पणाचा दावा एवढ्याने खोटा ठरत नाही. देव माणसांच्या हातून देतो हे कोणत्याही ख्रिस्ती शिकवणीत मान्य आहे. वाद आहे तो देणाऱ्याचा हक्क किती, याचा. असोसिएशनच्या काळात देणगीदारांना शाळेच्या धर्मनिरपेक्ष धोरणावर बोलण्याचा अधिकार होता, मुक्तीत तो उरला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हाच मुद्दा अधिक कठोरपणे जगून दाखवला. मिशनचे वेतन सोडून १९१७ मध्ये ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येऊ शकत. अडचणी किती होत्या ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त ताकाला जाऊन भांडे न लपवता आले आहे. देवावर टाकलेला भार घरात प्रत्यक्ष कोणाच्या खांद्यावर येतो, हे त्या पुस्तकाइतके कोणत्याही ईश्वरविद्येच्या ग्रंथाने सांगितलेले नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले, दरबार जेमतेम दोन वर्षांचा होता. तो प्रयोग फसला असे म्हणणे सोपे आहे. पण परक्या मिशनच्या पगारावर देशी मंडळीची नम्रता किती खरी, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. टिळकांचे समर्पण वारकरी शरणागतीलाच ख्रिस्ती वस्त्र चढवल्यासारखे आहे, असेही काही जण म्हणतात. त्यांच्या अभंगांचा साचा वारकरी परंपरेतून आला हे उघड आहे. फादर स्टीफन्स यांनीही १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त ओवीच वापरली होती. साचा उसना असला म्हणून आशय उसना ठरत नाही. क्रुसावर दुर्बल झालेला देव ही कल्पना विठ्ठलभक्तीतून आयात झालेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्यांच्याकडे सोडण्यासारखे काहीच नाही त्यांना सोडायला सांगणे हा अन्याय नाही का? १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग यांनी दाखवून दिले की गर्व हे मूळ पाप मानणारी ईश्वरविद्या पुरुषांच्या अनुभवावर उभी आहे. अनेक स्त्रियांचे दुखणे गर्वाचे नसून स्वतःला पुसून टाकण्याचे असते. केशवपन झालेल्या विधवेला नम्रता शिकवायची गरज नव्हती. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या कातकऱ्यांनाही ती नाही. वीटभट्टीच्या उचलीत अडकून हंगामभर राबणाऱ्या कुटुंबाला 'देवाच्या हाती सोपवा' असे भट्टीवाल्याने सांगितले तर ती लबाडी होईल. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे धोक्याच्या वस्त्यांचे पुनर्वसन हे काम शासनाचे आहे, प्रार्थनेने ते टळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर छपाई, विणकाम, शेती, गुरांची निगा शिकवली जाई. बायबलचे पुस्तक त्या बायांनीच जुळवले आणि छापले. म्हणजे पाय रोवायला जागा आधी मिळाली, आणि ती आपली कमाई नव्हे हे नंतर शिकवले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली. त्यांना त्यात लाचारी दिसली नाही, ब्राह्मणी सत्तेला नाकारणारे धाडस दिसले.

तरी एक गोष्ट या युक्तिवादाला पूर्ण पेलत नाही. जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात संजीवन सुरू झाले. मुली रात्ररात्र रडत, पापे कबूल करत, अनोळखी भाषांत प्रार्थना करत. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेमुळे ही बातमी चिलीतील वालपराइसोपर्यंत गेली आणि १९०९ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीतून नवी चळवळ फुटली. पण रमाबाईंनी विचार करून, वाद घालून, आठ वर्षे घेऊन जे केले ते आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरक्या मुलींनी, जिचे अन्न खाल्ले तिच्या छपराखाली जे केले, ते एकाच शब्दाने नोंदवणे अवघड आहे. त्या मुलींपैकी पुष्कळ जणींची श्रद्धा आयुष्यभर टिकली, शिक्षिका आणि बायबल-बाया म्हणून त्यांनी गावोगाव काम केले, हे खरे. पण त्यांना नाही म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हे संस्थेच्या पत्रांतून कळत नाही, कारण ती पत्रे त्यांनी लिहिलेली नाहीत.