युद्धावरून वर्गात: एका कायद्याने केलेली शाळा

या मालिकेत आपण लढायांबद्दल पुष्कळ बोललो. आज लढाई संपल्यावर काय होतं, त्याबद्दल बोलू. बंदूक जमा केली, घरी आलो, आता पुढे काय? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक सैन्याला पडलेला आहे. त्याचं सर्वांत मोठं उत्तर अमेरिकेने १९४४ साली दिलं, एका कायद्याने. त्या कायद्याने लाखो मोठ्या माणसांना, लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या माणसांना, पुन्हा वर्गात नेऊन बसवलं.

आधी त्याच्या मागची कटू गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायाला घरी पाठवताना ६० डॉलर आणि रेल्वेचं तिकीट, जवळपास एवढंच हातावर ठेवलं होतं. पुढे १९२४ साली सरकारने बोनसची प्रमाणपत्रं दिली, पण त्यांचे पैसे मिळणार होते १९४५ साली! मध्येच मंदी आली, कामं गेली. १९३२ च्या उन्हाळ्यात सुमारे २० हजार माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं वॉशिंग्टनमध्ये येऊन झोपड्या टाकून बसली. मागणी एकच, आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलैला त्यांना हुसकावायला सरकारने फौज पाठवली. घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर. नेतृत्व जनरल मॅकआर्थरचं. सैनिकांवरच सैन्य घालण्याची ही वेळ. ज्याने गणवेश घातला आहे त्याला ही हकीकत वाचताना काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा एक कोटीच्या वर लोक गणवेशात होते. ते सगळे एकदम परत आले आणि कामं नसली तर १९३२ पुन्हा होणार, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात पक्की होती. तेव्हा हॅरी कोल्मरी नावाच्या माणसाने एक मसुदा लिहिला. हा कॅन्ससचा वकील, स्वतः पहिल्या महायुद्धातला माजी सैनिक आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचा पूर्वीचा प्रमुख. वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर त्याने तो खरडला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत तो शेवटच्या घटकेला अडकला. मिसिसिपीचा रँकिन बेकारभत्त्याच्या कलमाला अडून बसला होता. अखेर जॉर्जियाहून गिब्सन नावाच्या सदस्याला विमानाने आणलं आणि त्याच्या एका मताने कोंडी फुटली. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्टने सही केली. लोक त्याला जी.आय. बिल म्हणू लागले. जी.आय. म्हणजे तिथला साधा शिपाई.

आता त्यात होतं काय, ते नीट बघा, कारण खरी गोम तिथेच आहे. शिकायला जाणाऱ्याची फी आणि पुस्तकं मिळून वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचा खर्च सरकार थेट संस्थेला देणार. त्या वेळी हार्वर्डची वर्षाची फी ४०० डॉलर होती, म्हणजे मोठ्यात मोठ्या विद्यापीठाचं दार उघडलं. शिवाय घरखर्चाला महिन्याला एकट्याला ५० डॉलर आणि ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे त्याला ७५. ही रक्कम पुढे वाढवत नेली. सेवा जितकी जास्त, तितका शिक्षणाचा काळ जास्त, कमाल ४ वर्षं. कॉलेजच पाहिजे असंही नाही. मोटार दुरुस्ती, सुतारकाम, शेती, दुकानात उमेदवारी, सगळं चालेल.

फीच्या पैशांबद्दल सगळेच बोलतात. मला महत्त्वाचे वाटतात ते हे ७५ डॉलर. मोठ्या माणसाला शाळेत जाण्यापासून अडवते ती फक्त फी नव्हे. त्याला अडवतो घरचा किराणा, पोरांचे कपडे, घराचं भाडं. विशीतल्या मुलाला बाप पोसतो, पस्तिशीतल्या बापाला कोण पोसणार? त्या कायद्याने हा प्रश्न लाजेचा न ठेवता हिशेबाचा केला.

वयाचीही एक गंमत आहे. मूळ कायद्यात असं होतं की भरती होताना ज्याचं वय २५ पेक्षा जास्त होतं, त्याने आपलं शिक्षण लढाईमुळे तुटलं हे सिद्ध करावं. म्हणजे पंचविशी उलटली की माणसाचं शिकण्याचं वय संपलं, असं गृहीत धरलं होतं! डिसेंबर १९४५ मध्ये दुरुस्ती करून ही अट काढून टाकली. माझ्या मते मूळ सहीइतकंच हे पाऊल मोठं होतं.

विरोधही झाला, आणि तो मोठमोठ्या पंडितांकडून. शिकागो विद्यापीठाचा प्रमुख रॉबर्ट हचिन्स याने मासिकात लेख लिहून इशारा दिला की विद्यापीठं म्हणजे बेकारांचे तळ होतील. हार्वर्डचा प्रमुख जेम्स कोनंट यालाही वाटत होतं की निवड न करता सगळ्यांना घेतलं तर दर्जा खाली येईल. झालं उलटंच. ही मंडळी वेळेवर येत, टिवल्याबावल्या करत नसत, आणि त्यांचे मार्क बरोबरच्या तरुण पोरांपेक्षा चांगले पडत. वर्गाची सरासरी वर चढवतात म्हणून तरुण पोरं त्यांच्यावर वैतागत. कोनंटने पुढे आपलं मत बदलल्याचं मोकळेपणाने सांगितलं.

मला यात नवल वाटत नाही. ज्याने चार वर्षं पहाटे उठून हुकूम पाळले, जबाबदारी घेतली आणि आपल्या डोळ्यांदेखत मित्र गेलेले पाहिले, तो वेळ वाया घालवत नाही. त्याला माहीत असतं की ही संधी पुन्हा येणार नाही.

१९४७ साली अमेरिकन कॉलेजांतले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. राहायला जागा नव्हती, म्हणून मैदानांवर लष्कराच्या पत्र्याच्या बराकी आणि चाकांवरची घरं उभी केली. दोरीवर लंगोट वाळतायत आणि आत बाप गणितं सोडवतोय, असं कॉलेज तोवर कोणी पाहिलं नव्हतं. १९५६ साली योजना संपली तेव्हा ७८ लाख लोकांनी तिचा लाभ घेतला होता. त्यांतले सुमारे २२ लाख कॉलेजात गेले, बाकीचे धंदेशिक्षण, उमेदवारी आणि शेतीच्या प्रशिक्षणात. म्हणजे कॉलेजपेक्षा हत्यारं हातात घेऊन शिकणारेच जास्त होते. आणि ज्या बेकारभत्त्यावरून एवढं रान उठलं, आठवड्याला २० डॉलर आणि तेही ५२ आठवडे, त्यासाठी राखलेल्या पैशांतले २० टक्केसुद्धा खर्च झाले नाहीत. फुकट खायला कोणी बसलं नाही. लोकांना काम पाहिजे होतं आणि काम शिकायचं होतं.

आता दुसरी बाजू, कारण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण अंमल स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात होता. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या विद्यापीठांचं दार बंदच राहिलं. त्यांच्यासाठीची कॉलेजं थोडी आणि लहान, त्यामुळे जागेअभावी हजारो परत गेले. एकाच खंदकात लढलेल्यांना एकच कायदा सारखा मिळाला नाही. दुसरा दोष पैशाचा. सरकार फी थेट संस्थेला देतं म्हटल्यावर गल्लोगल्ली धंदेशिक्षणाच्या शाळा उगवल्या, ज्यांत शिकवण्यापेक्षा बिलं जास्त होती. चौकशी झाली, आणि कोरियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी १९५२ साली नवा कायदा करताना पैसे संस्थेऐवजी थेट सैनिकाच्या हातात द्यायचं ठरलं.

आता आपल्याकडे या. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठेही असा, तुमच्या नात्यात किंवा शेजारी एखादा फौजी असेलच. आपला जवान विशीच्या आत-बाहेर भरती होतो आणि पुष्कळदा चाळिशीच्या आसपास किंवा आधीच घरी येतो. पेन्शन असते, पण पोरं शाळेत असतात आणि पुढे वीस वर्षं कामाची उरलेली असतात. निवृत्ती जवळ आली की माझ्याकडे येऊन जवान विचारायचे, "साहेब, बाहेर जाऊन काय करू?" त्यांच्यातले कितीतरी पुढे एखाद्या इमारतीच्या फाटकावर सिक्युरिटीचा गणवेश घालून उभे राहिले. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ज्याने बर्फात रेडिओ सेट चालू ठेवला, ट्रकचं इंजिन खोलून जोडलं, त्याच्याकडे फाटक उघडण्यापलीकडचं कौशल्य होतं.

आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांना हातचं काम शिकवायला १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्याही आधी. पुण्याजवळ खडकीला ती आजही चालते. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आसपास अभ्यासक्रम चालवतं. मॅट्रिक होऊन १५ वर्षं सेवा केलेल्याला सरकारच्या गट-क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात. या सोयी चांगल्या आहेत, पण शेवटची सोय नोकरीचं दार उघडते, विद्या देत नाही. आणि थोड्या आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या वर्गात नवा पेशा पुरता हाती येत नाही. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती दोन-तीन वर्षं घर चालावं लागतं. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडणार असं ठरलं. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. ते तरुण असतील, पण प्रश्न तोच.

हे फक्त फौजींपुरतं नाही. गिरणी बंद पडली, कंपनीने कमी केलं, पोरं मोठी झाल्यावर बाईला काही करावंसं वाटलं, अशा सगळ्यांना हाच इतिहास लागू आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं, त्यामुळे वयाचं कुंपण आपल्याकडेही मोडलं. किराण्याचं कुंपण मात्र अजून शाबूत आहे.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. चाळिशीतला कोणी म्हणाला की मी पुन्हा शिकायला जातो, तर "या वयात?" असं विचारू नका. "घर कसं चालेल?" असं विचारा, आणि त्याचं उत्तर त्याच्याबरोबर बसून काढा. बायकोची नोकरी, भावाचा हातभार, पेन्शनचा हिशेब, संध्याकाळचे वर्ग, जे जमेल ते कागदावर मांडा. आणि मत मागायला येणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारा, शिकणाऱ्या जवानाच्या घरखर्चाची तरतूद कुठे आहे? एका देशाने हा हिशेब एकदा नीट मांडला, तेव्हा साडेचार लाख इंजिनिअर आणि दोन लाखांहून जास्त शिक्षक त्यातून उभे राहिले. आपल्याकडे माणसं कमी नाहीत. जय हिंद.