काळी रेघ आणि वालचंद

परवा वीकेंडला सोलापूरला गेलो. आजोबांची पद्मिनी सुरू केली तर फट्-फट् आवाज! "सायलेन्सर गेला रे," आजोबा म्हणाले. पण मॅनिफोल्डला पाइप जोडतो तिथे काजळीची काळी रेघ दिसली, म्हणजे गॅस्केट गेलेलं. आजी कधीची म्हणतेय, गाडीत बसलं की डोकं दुखतं... आम्ही उन्हाला दोष देत होतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

तर मंडळी, ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ ला काढली वालचंद हिराचंदांनी. जन्म १८८२, आपल्या सोलापूरचाच! डिझाइन मात्र इटलीच्या फियाट ११०० चं, इंजिन १०८९ सीसी. मुंबईतली यांची टॅक्सी २०२३ ला संपली.

असो. बिडाचा मॅनिफोल्ड रोज तापतो, निवतो. नट सैल होतात. गंजलेल्या नटांवर रात्रभर तेल सोडलं. जुन्या गॅस्केटात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करूनच काढलं (कोरडं खरवडायचं नाही हं!). नवं बसवून नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले.

गाडी सुरू केली. फट्-फट् गायब. आजी म्हणाली, "चल, सिद्धेश्वरला जाऊन येऊ."