विश्लेषण: एका नटाच्या चित्राला २०० पौंड का मिळाले? होगार्थच्या ‘रिचर्ड तिसरा’ची गोष्ट

मध्यरात्र. तंबूतला राजा दचकून उठलाय. डोळे विस्फारलेले, एक हात पुढे ताणलेला, दुसरा तलवारीवर. विल्यम होगार्थने १७४५च्या सुमारास रंगवलेलं हे चित्र आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. रुंदी सुमारे अडीच मीटर, म्हणजे त्यातली माणसं जवळपास खऱ्या मापाची.

प्रसंग कोणता?

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’ नाटकातली, १४८५च्या बॉसवर्थ लढाईची आदली रात्र. रिचर्डने ज्यांना मारलं त्यांची भुतं स्वप्नात येऊन शाप देतात आणि तो जागा होतो. होगार्थने एकही भूत दाखवलेलं नाही. भीती दिसते ती फक्त चेहऱ्यावर आणि पसरलेल्या बोटांत. मागे दिवा आणि क्रूस, बाजूला मुकुट, दूरवर शेकोटीभोवती बसलेले सैनिक.

समोर चिलखताजवळ एक कागद पडलाय. रिचर्डचा सरदार नॉरफोक याला ‘तुझा धनी विकला गेलाय’ असं बजावणारी ती चिठ्ठी. मूळ नाटकात ती सकाळी, राजा उठल्यानंतर समोर येते. चित्रकाराने ती आधीच आणून ठेवली. एकाच चौकटीत पुढचा घात सुचवायचा, तर ही सूट घेणं भागच होतं.

राजा की नट?

हा चेहरा डेव्हिड गॅरिकचा. १९ ऑक्टोबर १७४१ रोजी, वयाच्या २४व्या वर्षी त्याने लंडनच्या गुडमन्स फील्ड्स थिएटरमध्ये ही भूमिका केली. जाहिरातीत नावही नव्हतं, पण पाहता पाहता तो शहरभर गाजला. संवाद ठेक्यात म्हणण्याच्या तेव्हाच्या रिवाजापेक्षा त्याचा अभिनय बराच नैसर्गिक होता. प्रयोग मात्र शेक्सपिअरच्या मूळ संहितेचा नव्हता, कॉली सिबरने केलेल्या रूपांतराचा होता.

चित्रात ना पडदा दिसतो, ना प्रेक्षक. त्या काळी पुराण, बायबल, राजे-महाराजे यांच्या भव्य चित्रांना सर्वांत वरचा मान होता. होगार्थने तोच थाट एका नटाला दिला. खरा डाव इथेच आहे.

पैशांचं काय?

यॉर्कशायरच्या डंकम यांनी चित्र २०० पौंडांना घेतलं. एका व्यक्तिचित्रासाठी कुठल्याही इंग्रज चित्रकाराला इतके मिळाले नव्हते, असं होगार्थने नोंदवून ठेवलंय. त्याच्या बढाईला आधार होता. १७४५च्या लिलावात त्याच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ मालिकेतली आठ चित्रं प्रत्येकी २२ गिनीला, म्हणजे सगळी मिळून १८५ पौंडांच्याही आत गेली. इंग्लंडमधले धनिक तेव्हा इटालियन आणि फ्रेंच चित्रांमागे धावत, याची त्याला कायम चीड होती.

१७४६मध्ये याची छापील प्रत निघाली आणि ज्यांनी गॅरिकला कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याही घरात तो पोहोचला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. चिझिकमधल्या होगार्थच्या थडग्यावरच्या ओळी गॅरिकच्याच आहेत.