साच्याचे दार

महाविद्यालयात दरवर्षी जून महिन्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. प्रवेशाचा अर्ज हातात धरून उभा असलेला, बहुधा आपल्याच एखाद्या वस्तीतून आलेला मुलगा चाचरत विचारतो, "सर, कुठल्या लाइनीला पगार जास्त?" आपल्यातले काही विचारवंत हा प्रश्न ऐकून नाक मुरडतात. पोरगा पोटार्थी निघाला, चळवळ विसरला, असे म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना राबण्याच्या बदल्यात दारोदारची भाकर मिळाली, त्यांच्या नातवाने रोख पगाराची चौकशी करणे ही विद्रोहाची पहिली पायरी आहे. पण या प्रश्नात एक गृहीत लपलेले आहे. पगार कामाला मिळतो आणि काम शिकले की पगारही हाती येतो, असे ते गृहीत आहे. आपला इतिहास त्याला साक्ष देत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेच उदाहरण घेऊ. कोकणातून, घाटावरून अस्पृश्य माणूस मुंबईला गेला तो गावकीच्या जाचातून सुटण्यासाठी. यंत्राला जात नसते, असे त्याला वाटले. यंत्राला जात नव्हती, पण खात्याला होती. गिरणीत कामगारांमध्ये चांगली मजुरी होती ती साचाखात्यात, म्हणजे विणकामात. तिथे विणलेल्या मालावर मजुरी मिळे, आणि कसबी विणकर रिंग खात्यातल्या कामगारापेक्षा बरेच अधिक कमावी. या साचाखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. त्याच्या वाट्याला आले सूतकताईचे रिंग खाते.

यासाठी दिले जाणारे कारण नीट समजून घेतले पाहिजे. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी भोकाला तोंड लावून ते ओढून घेई. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या शहरात एकाच आगगाडीत सगळे खेटून बसत होते, त्या शहरात पगाराचा दर एका थुंकीच्या थेंबावर ठरत होता.

तोंडाने सूत ओढण्याची ही रीत रोग पसरवते म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच कायद्याने बंद केली होती. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तयार होऊ शकत होते. तेव्हा हा प्रश्न तंत्राने सुटण्याजोगा होता. पण विटाळ हे निमित्त होते. चांगल्या मजुरीच्या जागा आपल्याकडेच राहाव्यात, हा त्यामागचा खरा व्यवहार होता.

१९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना सर्व खाती खुली करण्याची मागणी घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने स्वीकारली. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी जे उत्तर दिले ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भांडवलदार लबाड होता यात शंका नाही. खात्यांची ही वाटणी त्यालाही सोयीची होती. पण त्या दिवशी त्याला बोट दाखवायला कामगाराचीच फळी सापडली, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच मांडले. ते वाक्य आपण वारंवार उद्धृत करतो, पण त्यामागचा पगाराचा हिशेब विसरतो. रेल्वेत दलित माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबे आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होई. त्याला साधा पोर्टरही होता येत नसे. कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी वरकाम करी, आणि त्या घरात विटाळ चालत नसे. बढतीची शिडी अशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तुटत होती.

माझे पणजोबा १९२८ च्या संपाच्या वेळी रिंग खात्यात होते. त्यांची हयात तिथेच गेली. आजोबा मात्र साठ सालानंतर साच्यावर गेले. पहिला पगार घेऊन ते घरी आले तेव्हा पणजोबांनी नोटा दोनदा मोजल्या, असे आजी सांगे. दार उघडले होते. पण तोवर गिरण्यांची भरभराट ओसरत चालली होती आणि कापड यंत्रमागांकडे सरकत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. आजोबांची गिरणी त्यानंतर पुन्हा चालू झाली नाही. आमच्या घराने साच्याचा पगार जेमतेम वीस वर्षे पाहिला.

सरकारी नोकरीचा मार्ग वेगळा होता, कारण तिथे दार कायद्याने उघडले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळवल्या. पुढे राज्यघटनेने त्या तत्त्वाला आधार दिला. मी आज महाविद्यालयात उभा आहे तो त्या दाराने आत आलो म्हणून. पण १९९१ नंतर मोठे पगार खाजगी क्षेत्राकडे गेले, आणि तिथे आरक्षण नाही. तिथे गुणवत्ता पाहतात असे सांगतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या उमेदवारापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. धोटा गेला, त्याची जागा आडनावाने घेतली.

लोअर परळला गिरण्यांच्या जमिनीवर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. शहरातले मोठे पगार आता त्याच जागेवर वाटले जातात. माझा एक विद्यार्थी तिथल्या एका कचेरीत हिशेबनीस आहे. त्याच इमारतीत त्याच्या वस्तीतले सातजण आहेत. चौघे पहाऱ्यावर, तिघे सफाईच्या कंत्राटावर.

तेव्हा जूनमध्ये विचारणाऱ्या मुलाला मी लाइन सांगतो, टाळत नाही. इंग्रजी शीक, गणित सोडू नकोस, हेही सांगतो. मात्र त्याच बैठकीत त्याला १९२८ ची ही हकिगतही ऐकवतो. उद्या मुलाखतीला जाऊन तो हात हलवत परत आला तर दोष स्वतःच्या डोक्याला देऊ नये, एवढ्यासाठी. आणि तो आत गेलाच, तर खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी निघेल तेव्हा, आपले काम झाले म्हणून त्याने घरी बसू नये.